हजिऱ्याची जाळी आणि बाबांचा ट्रेसिंग पेपर

आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना ग्वाल्हेर दाखवायचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी किल्ला, दुपारी जयविलास, संध्याकाळी बाड्यावर चक्कर, आणि वेळ उरलाच तर हजिऱ्याला तानसेनाची समाधी. तिथे गेल्यावर पाहुणे आधी चिंचेचं झाड शोधतात. त्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पाला तोंडात टाकायचा, फोटो काढायचा आणि परत रिक्षात. त्याच आवारात समाधीपेक्षा कितीतरी मोठी एक इमारत उभी आहे. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मीही कधी नीट बघितलं नव्हतं.

ती इमारत म्हणजे सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा. सोळाव्या शतकातला, अकबराच्या काळातला. चौकोनी बांधणी, कोपऱ्यांवर षटकोनी बुरूज, मधोमध मोठा घुमट आणि चारही बाजूंनी दगडाच्या जाळ्या. आत गेलात की बाहेरचं ऊन जाळीतून गाळून फरशीवर येतं. एका चौकटीत एक नक्षी, शेजारच्या चौकटीत दुसरी. सूर्य सरकतो तशी फरशीवरची नक्षीही सरकते.

मी तिथे गेले ती एका फोटोमुळे. गेल्या पावसाळ्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइल चाळत पडले होते. एक फोटो समोर आला. खिडकीच्या उजेडात धरलेली नक्षी, षटकोन, मधे त्रिकोण, कुठे फिकट, कुठे गडद. मला वाटलं, ही आपल्या हजिऱ्याचीच जाळी. खाली वाचलं तर तो कागद होता! एकच अखंड कागद, कुठेही न कापता, न चिकटवता, नुसत्या घड्या घालून केलेला. याला ओरिगामी टेसेलेशन म्हणतात. टेसेलेशन म्हणजे घरातल्या फरशीसारखी नक्षी: तेच आकार पुन्हा पुन्हा, मधे फट न सोडता.

झोप का येत नव्हती तेही सांगते. त्याच आठवड्यात स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला होता. तिसरा प्रयत्न, तिसऱ्यांदा नापास. घरी कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त जड जात होतं. बाबा पाटबंधारे खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी अधिकारी व्हावी ही इच्छा त्यांची. ते सकाळी पेपर उघडून बसायचे, मी माझ्या खोलीत. जेवायच्या वेळी आई दोघांशी बोलायची आणि आम्ही दोघं आईशी. लष्करातलं आमचं जुनं घर, माणसं तीन, आणि निरोप्याचं काम आईकडे.

दुसऱ्या दिवशी मी वह्यांना घालायचा खाकी कागद आणला.

टेसेलेशनमध्ये नक्षी शेवटी येते. आधी अख्ख्या कागदावर घड्यांची जाळी पाडायची. षटकोनी कागद घ्यायचा, समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १६ सारख्या पट्ट्यांत वाटायचं, आणि हे तीन दिशांनी करायचं. एका दिशेच्या १५ घड्या, तीन दिशांच्या ४५. मग कागदभर लहान लहान समभुज त्रिकोण उमटतात. त्यातल्या काही रेषा उचलायच्या, काही दाबायच्या, की नक्षी तयार होते.

माझा कागद ३२ सेंटिमीटरचा होता. हिशेब सोपा वाटला. पट्टी लावून दर २ सेंटिमीटरवर खूण केली, खुणेवर घडी घातली, त्या घडीपासून पुढे पुन्हा २ सेंटिमीटर. पहिली दिशा दिसायला छान झाली. तिसऱ्या दिशेला गेले तेव्हा तीन रेषा एका बिंदूत मिळेनात. एका टोकाला जुळायच्या, दुसऱ्या टोकाला तिथे एक बारीकसा नको असलेला त्रिकोण दिसायचा. दुसरा कागद घेतला, तेच. तिसऱ्याला पेन्सिल बारीक टोकाची घेतली, तरी तेच. आठवड्याभरात नऊ कागद चुरगळून कोपऱ्यात गेले.

दहावा कागद जेवणाच्या टेबलावर राहिला होता. सकाळी उठून बघते तर बाबा चष्मा कपाळावर चढवून तो न्याहाळत होते.

"हे मोजमाप कसं घेतलंस?"

मी सांगितलं.

"म्हणजे मागच्या खुणेवरून पुढची खूण. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. सोळाव्या खुणेपर्यंत किती झाला?"

"आठ मिलिमीटर."

"मग? सर्व्हेचा पहिला धडा काय असतो माहितेय? आधी पूर्ण क्षेत्र बांधायचं, मग त्याचे भाग पाडायचे. भाग जोडत जोडत पूर्ण क्षेत्राकडे गेलं की चूक वाढत जाते. पुऱ्या कागदाचे आधी दोन कर. मग त्याचे चार."

निकालानंतर बाबा माझ्याशी बोललेलं हे पहिलं सलग वाक्य. खरं तर पाच-सहा वाक्यं होती. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली, पण काही बोलली नाही.

मग बाबांनीच कंपास शोधून काढला. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलं आणि त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा केल्या. शाळेत केलेला तोच षटकोन. तो साचा कागदावर ठेवून मी षटकोन कापला. काठाला काठ जुळवून अर्धी घडी, दोन भाग. कड मधल्या रेषेला लावून चार. मग आठ, मग सोळा. पट्टी लागलीच नाही. प्रत्येक घडी कागदाच्या कडेवरून किंवा आधीच्या पक्क्या रेषेवरून येत होती, म्हणून थोडी चूक झाली तरी ती जिथल्या तिथे राहत होती, पुढे साठत नव्हती. तिसऱ्या दिशेच्या रेषा बिंदूवर नेमक्या मिळाल्या तेव्हा मी ओरडलेच. बाबा म्हणाले, "नखाने दाब, बोटाने नको." आणि पेपर वाचायला गेले.

जाळी पडली, पण नक्षी अजून लांब होती. टेसेलेशनचा मुख्य डाव म्हणजे वळसा. तीन दिशांनी तीन चुण्या एका ठिकाणी आणायच्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. त्या भेटतात तिथे कागद उंचवट्यासारखा वर येतो. तो उघडून, फिरवून चपटा करायचा, की छोटा त्रिकोण बसतो. सहा चुण्या आणल्या तर षटकोन. सांगायला दोन ओळी, प्रत्यक्षात मला त्रिकोणाला चार दिवस लागले आणि षटकोनाला दोन आठवडे. पाच चुण्या नीट बसायच्या आणि सहावी दाबली की पहिली उठायची. शेवटी कळलं की सहाही चुण्या अर्धवट पाडून सगळ्या एकदमच फिरवायच्या असतात. एकेक पक्की करत गेलं तर शेवटचीला जागा राहत नाही.

कुठली घडी वर आणि कुठली आत, हे चुकायचं. तेव्हा एक नियम उपयोगी पडला. वर उठणारी ती डोंगरघडी, आत जाणारी ती दरीघडी. कागद चपटा बसायचा असेल, तर आतल्या कुठल्याही बिंदूत मिळणाऱ्या डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्यात नेमका दोनाचा फरक हवा. जपानी अभ्यासक माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. षटकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात चार घड्या मिळतात. म्हणजे तीन एका प्रकारच्या आणि एक दुसऱ्या. दोन-दोन झाल्या की समजायचं, इथेच गडबड आहे. नुसतं जोर लावून दाबण्यापेक्षा मोजून बघणं कितीतरी सोपं होतं.

वाचता वाचता या कलेची माणसंही भेटली. जपानमधले शाळाशिक्षक शुझो फुजिमोतो यांनी १९७०च्या दशकात अशा वळशांच्या घड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेचे क्रिस पामर स्पेनमध्ये ग्रनाडाच्या अलहाम्ब्रा राजवाड्यात गेले, तिथल्या भिंतींवरच्या भौमितिक नक्ष्या त्यांनी अभ्यासल्या आणि त्या कागदात आणि रेशमात उतरवल्या. बाबांना मात्र आवडले ते कोरियो मिउरा. त्यांची घडी कागदाचं एक टोक ओढलं की अख्खी उघडते आणि ढकललं की मिटते. १९९५ साली जपानने अवकाशात पाठवलेल्या एका यानाचं सौर पॅनेल या घडीने उघडलं. नकाशांसाठीही ती वापरतात. बाबा म्हणाले, "आमचे नकाशे नेमके चार घड्या मिळतात तिथेच फाटायचे. हा माणूस तीस वर्षांपूर्वी भेटायला हवा होता."

पामर अलहाम्ब्राला गेले, तर मला हजिरा पाच रुपयांच्या बिस्किटाइतका जवळ होता. एका रविवारी सकाळी फूलबागेवरून टेम्पोने गेले. मकबऱ्याच्या आत जाळीसमोर बसकण मारली आणि षटकोनांवर बेतलेली एक चौकट वहीत उतरवायला लागले. रखवालदार येऊन बघून गेला. "बिटिया, ड्रॉइंग का इम्तिहान है क्या?" मी म्हटलं, "नहीं चाचा, इम्तिहान तो हो गया."

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. दगडात कारागिराने नको तो दगड काढून टाकला आहे. भोक पडलं तिथून उजेड येतो. कागदात काहीच काढता येत नाही. जिथे गडद हवं तिथे चुणी घालून तीन थर करायचे, आणि जिथे फिकट हवं तिथे एकच थर ठेवायचा. म्हणजे दगडाची नक्षी जशीच्या तशी उचलता येणार नव्हती. षटकोन मात्र घेता येतील, असं मला वाटलं. शेजारी शेजारी षटकोनच षटकोन, प्रत्येकाच्या सहा चुण्या सहा शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या.

घरी येऊन मोठा कागद घेतला. या वेळी ३२ पट्ट्या, म्हणजे तीन दिशांच्या मिळून ९३ घड्या. जाळी घालायलाच दोन संध्याकाळी गेल्या. पहिला षटकोन बसला. शेजारचा दुसराही बसला. त्या दोघांचा शेजारी, तिसरा, काही केल्या बसेना. कागद उलट फिरवून बघितला, दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली, पातळ कागद घेतला, जाड घेतला. दोन बसायचे आणि तिसरा अडायचा. पंधरा दिवस हेच चाललं. एका रात्री रागाने कागद फाडायला घेतला आणि थांबले. तीन वर्षं मी असंच करत आले होते. निकाल लागला की जुन्या नोट्स माळ्यावर टाकायच्या, नवं वेळापत्रक भिंतीवर लावायचं आणि पहिल्यापासून सुरू. कुठे अडलं होतं, हे एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

कागद हळूहळू उलगडला. उलगडलेल्या कागदावर सगळं दिसतं. कुठली घडी कुठून कुठे गेली, कुठे दोनदा मोडली. मी लाल पेनाने प्रत्येक षटकोनावर तो कुठल्या बाजूने फिरला त्याचा बाण काढला. पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे. तिसऱ्यावर दोन्ही बाण आले होते, कारण मी तो दोन्हीकडे फिरवून बघितला होता.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "मीही येतो. नोकरीत अख्खा जिल्हा मोजला, ते आवार कधी नीट बघितलं नाही." आईने डबा घेतला. तिघं मकबऱ्याच्या बाहेर झाडाखाली बसलो. मी बाणांचा कागद बाबांसमोर पसरला.

बाबांनी बोटाने एका चुणीवरून रेघ ओढली. "ही चुणी या षटकोनाकडून बघितली तर उजवीकडे पडली आहे. त्या षटकोनाकडून बघितली तर?"

"डावीकडे."

"म्हणजे एका चुणीने जोडलेले दोन शेजारी नेहमी उलट फिरणार. आता तिसरा या दोघांचाही शेजारी आहे. तो पहिल्याच्या उलट फिरायला हवा आणि दुसऱ्याच्याही."

"पण ते दोघं आधीच एकमेकांच्या उलट आहेत," मी म्हटलं. आणि सगळं एकदम समजलं. तिसरा बसत नव्हता तो माझ्या बोटांच्या चुकीने नाही. तो बसणारच नव्हता. पन्नास कागद घेतले असते तरी नसता बसला.

बाबा म्हणाले, "षटकोनाने षटकोनाशी सरळ बोलायचंच नाही. मधे दुसरं कुणीतरी हवं."

आई डबा उघडत म्हणाली, "म्हणजे मी."

आम्ही तिघंही इतके हसलो की रखवालदार चाचा बघायला आले. त्यांनाही धपाटा मिळाला.

तर मधे त्रिकोण आले. षटकोन सगळे उजवीकडे फिरणारे, त्रिकोण सगळे डावीकडे. षटकोनाच्या सहा चुण्या सहा त्रिकोणांकडे जातात, त्रिकोणाच्या तीन चुण्या तीन षटकोनांकडे. एका प्रकारचे दोघं कधीच थेट जोडलेले नाहीत, त्यामुळे भांडण नाही. रात्री मला आलेला तो फोटोही असाच होता, मी फक्त त्यातले त्रिकोण शोभेचे समजले होते.

परतताना बाबांनी विचारलं, "चौथ्यांदा बसणार आहेस का?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, "नाही बाबा. मी तिन्ही वेळचे माझे पेपर काढून बघितले. गणित सोडून मी कशातच मनापासून अभ्यास केलेला नाही. मला ते काम नकोच होतं." टेम्पो फूलबागेपर्यंत आला तरी ते गप्प होते. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं ना." मी म्हटलं, "मलाच आधी माहीत नव्हतं." त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि आतून ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी काढली. नोकरीच्या काळातली, जपून ठेवलेली. बाहेरचे दोन-तीन वेढे पिवळे पडून कडक झाले होते, घडी घालताच तडकले. आतला कागद चांगला निघाला.

ट्रेसिंग पेपर चुका माफ करत नाही. घडी पडली की पांढरी रेघ उमटते ती कायमची, आणि तीच घडी चार वेळा फिरवली तर चीर जाते. म्हणून आधी खाकी कागदावर पूर्ण नक्षी दोनदा केली, मग ट्रेसिंगला हात लावला. चार संध्याकाळी लागल्या. ३२ सेंटिमीटरचा कागद घड्यांनंतर वीतभरही उरला नाही. सकाळी तो पूर्वेच्या खिडकीला लावला, आणि भिंतीवर फिकट-गडद षटकोन पडले. एका कोपऱ्यात एक चुणी उलट पडली आहे. सुधारायला गेले असते तर कागद फाटला असता, म्हणून ती तशीच आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा नेमकी तीच दाखवतात.

मी आता शेजारच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि बीएडच्या प्रवेशाची तयारी करते आहे. भूमितीचा पहिला तास कागदाच्या घडीने सुरू होतो.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल तर खाकी कागद घ्या, १६ पट्ट्यांची जाळी घाला, पट्टी न लावता अर्ध्याचं अर्धं करत जा. पहिले पंधरा दिवस फक्त त्रिकोणाचा वळसा करा. बिघडलेला कागद टाकू नका. उलगडा, त्यावर बाण काढा, तारीख लिहा. आणि ग्वाल्हेरला आलात तर चिंचेचा पाला जरूर खा, पण तेवढ्यावर रिक्षात बसू नका. सकाळच्या उन्हात मोठ्या मकबऱ्यात जाऊन अर्धा तास जाळीसमोर बसा. आमचं घर लष्करात आहे. खाकी कागद आमच्याकडे असतोच, आणि आईचे धपाटेही.